मटण परवडत नाही म्हणून चिकन? आमच्या गल्लीच्या आषाढातला एक हिशेब

रंकाळावेस

आमच्या गल्लीत आषाढात टेंबलाईला नवं पाणी वाहिलं की त्याच संध्याकाळी मंडळाचं जेवण असतं. यंदाच्या बैठकीत खजिनदारांनी सांगितलं, मटणाचा दर वर्गणीत बसत नाही, चिकन करूया. झाली बोंबाबोंब. कोल्हापुरात राहून चिकनचा तांबडा? गल्लीची अब्रू काय राहिली? हे सगळे आक्षेप जिभेचे होते. माझा आक्षेप वेगळा होता, आणि तो मांडल्यावर मी माळ घातल्यासारखं लोक माझ्याकडं बघायला लागले. म्हणून इथं लिहितोय.

आम्हाला चाळीस किलो लागतं. पंचवीस-तीस किलोचा बोकड कापला की हाडासकट बारा ते पंधरा किलो मटण पडतं. म्हणजे तीन बोकड. ब्रॉयलर दोन-सव्वादोन किलोचा, साफ करून दीड किलोच्या आतच भरतो. म्हणजे अठ्ठावीसेक कोंबड्या. वर्गणीत बसवायला तीन जिवांच्या जागी अठ्ठावीस जीव. बोकड निदान वर्षभर तरी माळावर हिंडलेला असतो, आईमागं पळालेला असतो. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत गाडीत चढतो. त्याला उघडं आभाळ दिसतं ते तेव्हाच.

२०१९ च्या पशुगणनेत देशात शेळ्या १४.८८ कोटी, मेंढ्या ७.४२ कोटी आणि कोंबड्या वगैरे पक्षी ८५.१८ कोटी. ही एका वेळची मोजणी. ब्रॉयलरच्या शेडमधून वर्षाला पाच-सहा लॉट निघतात, तेव्हा खरा आकडा कुठं जात असेल ते तुम्हीच बघा.

आणि तरी आपलं सगळं पाप-पुण्य बोकडाभोवतीच फिरतं. वार पाळायचे ते मटणाचे, श्रावणाआधी ताव मारायचा तो मटणावर, जत्रेतल्या कापाकापीवर अग्रलेख येतात तेही बकऱ्यावरून. आमच्या घरात सोमवारी मटण शिजत नाही, पण पोरगं बाहेर चिकन रोल खाऊन आलं तर आजीसुद्धा काही विचारत नाही. कोंबडी ही जणू भाजीच.

मी खाणारा माणूस आहे, सोडायचा विचार नाही. पण खायचंच असेल तर कुणाचं आयुष्य कसं गेलं याला काही किंमत आहे की नाही? पाळणाऱ्यांनी, कापणाऱ्यांनी, न खाणाऱ्यांनी सगळ्यांनी लिहा. ‘ज्याला खायचंय त्यानं खावं’ हे मी धरून चाललोय, ते परत लिहू नका.

तालमीतला_गडी

भावा, प्रश्न बरोबर हाय पण आषाढात विचारायचा व्हय? गौरी-गणपतीनंतर विचारला असतास तर निवांत वाचला असता.

बाकी चिकनच्या तांबड्याला माझा जाहीर निषेध. २०१९ च्या शेवटी याच गावानं मटणाच्या दरासाठी आंदोलन केलं हुतं, इसरू नका. जगात दुसरीकडं कुठं झालं असलं तर सांगा.

आक्का_पन्हाळा

मी शेळ्या राखतो. नवरा ऊस बघतो, शेळ्या माझ्या. लेकाच्या कॉलेजची फी दोनदा बोकडावरच भरली, तवा बोकडाला कुणी नावं ठेवली की मला राग येतो आणि लई गोडवे गायले तरी येतो.

माळावर हिंडलेला, आईमागं पळालेला, हे सगळं खरं. पण पावसाळ्यात आमच्याकडं येऊन बघा. आठ-आठ दिवस पाऊस हटत नाही. ओल्यात उभं राहून खूर कुजतात, करडं हगवणीनं जातात. पीपीआर म्हणजे शेळ्यांचा साथीचा रोग, त्याची लस चुकली तर कळपच बसतो. आमच्याकडच्या उस्मानाबादी शेळीला जुळी होतात म्हणून लोक घेतात, पण पहिलटकरणीला दोघांपुरतं दूध नसतं. मग रात्री उठून बाटलीनं पाजा. कोल्हा, कुत्री वेगळीच. शेडमधल्या कोंबडीला हे हाल नाहीत.

आता इक्री. यापारी दावणीला येतो, पाठीच्या कण्यावर अंगठा दाबून बघतो मांस किती चढलंय, मग मागचे पाय धरून उचलतो आणि तोंडानं वजन सांगतो. हमखास दोन-तीन किलो कमी. म्हणून आता मी काटा घेतलाय. आषाढात आणि बकरी ईदच्या आधी दर चढतो, त्या हिशेबानंच शेळ्या गाभण धरायच्या. म्हणजे बोकड जन्माला येतो तोच या तारखेसाठी. हे कुणाला निर्दय वाटलं तर वाटू दे. तारीख नसती तर मी त्याला जन्मालाच घातला नसता.

एक मात्र सांगतो. बोकडाला बाजारच्या गाडीत कोंबून भरतात, खाली-वर होतात, पाय मोडतो एखाद्याचा. त्याचं मला वाईट वाटतं. आयुष्याचं काय इचारताय, शेवटच्या दिवसाचं इचारा.

रंकाळावेस

आक्का, हे वाचून माझा ‘माळावरचा सुखी बोकड’ जरा खाली बसला. गाडीचा मुद्दा लाखातला. डॉक्टर कुणी असेल तर लिहा.

पोल्ट्री_हातकणंगले

इथं आमचीच वाट बघत होतात बहुतेक. माझी पाच हजार पक्ष्यांची शेड आहे. करारावर. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, लाईट, पाणी, तूस आणि मजुरी माझी. किलोमागं वाढीचा दर मिळतो. मर जास्त झाली किंवा खाद्य जास्त गेलं की तो दर कापला जातो. त्यामुळं पक्ष्याला त्रास व्हावा असं आम्हाला वाटतं, हे डोक्यातून काढा. पक्षी आजारी पडला की पहिला मार मला.

उन्हाळ्यात छतावर पालापाचोळा टाकून पाणी मारतो, फॉगर लावतो, रात्री दोनला उठून शेडमध्ये फेरी मारतो. जवळजवळ एक चौरस फूट एका पक्ष्याला. कमी आहे, मान्य. शेवटच्या आठवड्यात वजन असं चढतं की काही पक्षी पायावर उभे राहत नाहीत, बसल्या जागी खातात. तेही मान्य. ती जातच तशी तयार केलेली आहे, मी नाही केली.

आता माझा प्रश्न. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ठेक्यावर काम करणारा पोरगा रविवारी काय आणतो? अर्धा किलो चिकन. त्याच्या घरात मटण वर्षातून दोनदा. तुम्ही जीव मोजायला बसलाय, त्याच्या पोराच्या ताटातलं प्रोटीन कुणी मोजायचं? ज्याला मटण परवडतं त्यालाच हा हिशेब परवडतो.

रंकाळावेस

त्या पोराच्या ताटाला मी हात लावत नाही. प्रश्न आमच्या गल्लीचा आहे, जिथं डीजेला पैसे आहेत आणि मटणाला नाहीत.

तालमीतला_गडी

डीजेवर येऊ नका हं. :)

जनावरांचा_डॉक्टर

सरकारी नोकरीत होतो, आता निवृत्त. कायद्याचं थोडं.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली कत्तलखान्यांचे नियम २००१ मध्ये आले. गाभण जनावर कापायचं नाही, तीन महिन्यांच्या आतलं नाही, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मादी नाही. डॉक्टरनं तपासून दाखला द्यायचा. आणि एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. हे शेवटचं कलम मला सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात जास्त तेच मोडलेलं मी पाहिलंय. गावजत्रेत बकरी एका रांगेत बांधलेली असतात, पहिल्याचं रक्त शेवटच्याच्या पायापर्यंत येतं. बकरं ओरडत नाही, लोकांना वाटतं ते शांत आहे. शांत नसतं. अंग थरथरत असतं, लेंड्या पातळ पडतात, दोर ताणून मागं सरकत असतं.

एक पडदा बांधला तरी पुरे. खर्च शून्य. मी दोन-तीन गावांत यात्रा कमिटीला सांगून बघितलं. एका ठिकाणी ऐकलं, आणि गंमत म्हणजे मानकऱ्यांनाच ते जास्त पटलं.

अंड्यांबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून सांगतो. ब्रॉयलर निदान जमिनीवर, तुसावर असतो. अंड्याची कोंबडी पिंजऱ्यात असते. ए-फोर कागदाएवढी जागा, बऱ्याचदा त्याहूनही कमी, आणि तिथं ती वर्ष-सव्वा वर्ष काढते. पंख पसरता येत नाहीत. त्या जातीचं नर पिल्लू अंडं देत नाही आणि मांसाला वाढवणं परवडत नाही, म्हणून उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी त्याचा निकाल लावतात. विधी आयोगानं २०१७ मध्ये कोंबड्यांच्या या हालांवर आख्खा अहवाल दिला होता. तेव्हा रंकाळावेस, तुमच्या यादीत सगळ्यात वर मी ऑम्लेट ठेवीन.

कृष्णाकाठ

मी शिरोळ तालुक्यातला, जैन, शेतकरी. ऊस आणि भाजीपाला. इथं उपदेश करायला आलो नाही. आमच्या वाडीत सगळ्या जातीचे लोक राहतात आणि कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून रोज कळतं.

आमच्याकडं हिंसेचे चार प्रकार मानतात. घरकामात होणारी आरंभी, शेती-धंद्यात होणारी उद्योगी, स्वतःच्या रक्षणासाठीची विरोधी आणि ठरवून केलेली संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत. माझ्या उसात तोडणीनंतर पाला पेटवायचे तेव्हा काय काय जळायचं ते मी बघितलंय. उंदीर, सरडे, पक्ष्यांची घरटी. मी आता पाचट कुजवतो, जाळत नाही. खत होतं म्हणून म्हणा, त्यासाठी म्हणा. पण संकल्पी हिंसा पूर्ण सोडता येते. तुम्ही तीन आणि अठ्ठावीसचा हिशेब करता तेव्हा संकल्प दोन्हीकडं तोच राहतो. संख्या कमी केली की मन हलकं होतं एवढंच.

तरीही, तुम्हाला तीनच हवे असतील तर अठ्ठावीसपेक्षा बरे. यात मला तुमच्याशी भांडायचं नाही.

हिरवा_पाला

वरचा प्रतिसाद आवडला, पण काका, दूध?

मी तीन वर्षं दूधही घेत नाही, घरच्यांनी नाद सोडलाय. या जिल्ह्यात दुधावर बोलणं म्हणजे देवावर बोलल्यासारखं. २०२५ मध्ये नांदणी मठाच्या महादेवी ऊर्फ माधुरी हत्तिणीसाठी अख्खा जिल्हा रस्त्यावर आला. मीही चाललो. एका जनावरासाठी डोळ्यांत पाणी आणणारा जिल्हा म्हशीच्या रेडकाबद्दल का बोलत नाही, एवढंच विचारायचंय. नर रेडकाचं काय होतं हे गोठ्यावर सगळ्यांना माहीत असतं.

दूधकट्टा

गोठ्यावर मी असतो, मी सांगतो.

नर रेडकू झालं की आनंद कुणालाच होत नाही. रेड्याला काम उरलेलं नाही, रोज दूध पाजायचं म्हणजे रोज पैसे पाजायचे. पान्हा सुटण्यापुरतं म्हशीजवळ सोडतात आणि ओढून बांधतात. बरीचशी महिन्या-दोन महिन्यांत जातात. कुणी गळा दाबत नाही, पण कुणी डॉक्टरही बोलवत नाही. मेलं की काही ठिकाणी कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवतात, ती चाटते आणि पान्हा सोडते. मी लहानपणी हे बघून दोन दिवस जेवलो नव्हतो, आता बघतो आणि धार काढतो.

त्याच म्हशीला दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपीस लावून, गळ्यात घुंगरमाळा घालून आम्ही मिरवतो. गाडीचा आवाज काढला की मालकामागं पळत सुटते. ते प्रेम खोटं नाही. रेडक्याचं तेही खोटं नाही. दोन्ही एकाच गोठ्यात.

गाईच्या खोंडाचं तर आणखी अवघड. राज्यात २०१५ पासून बैलालाही कापायची बंदी आली, म्हशी-रेड्यांना ती तशी सरसकट नाही. त्यामुळं संकरित गाईचा खोंड ना नांगराला, ना बाजाराला. रात्री कुणाच्या तरी उसात सोडून देतात. कायदा करणाऱ्याचं पुण्य, ऊस खाल्ला गेला त्याचं नुकसान आणि खोंडाची उपासमार. आता लिंग निवडलेल्या वीर्यमात्रा मिळतात, बहुतेक कालवडीच होतात. माझ्या गोठ्यात दोन वर्षं तेच. यातून जेवढा जीव वाचला तेवढा भाषणांनी वाचला नसता.

कृष्णाकाठ

दुधाचं हिरवा_पाला यांनी विचारलं ते टाळत नाही. आमच्या घरी दूध आहे. मुलगी विचारते. अजून तिला पटेल असं उत्तर दिलेलं नाही.

बिरोबाचा_मेंढका

मेंढराबद्दल कोण बोलंना म्हणून लिवतो. पूर्वी मेंढरू तीन अंगांनी पैसा द्यायचं. लोकर, लेंडी, आणि शेवटी मटण. लोकरीला आता कातरायची मजुरी सुटत नाही. घोंगडं कोण घेतंय? पट्टणकोडोलीच्या जत्रंत भंडाऱ्याबरोबर उधळायला लोकर लागती तेवढीच. शेतात कळप बसवला तर शेतकरी धान्य, पैसं देतो, पण सगळीकडं ऊस आणि कुंपण, बसवायची कुठं? राहिलं फक्त मटण. म्हणजे तुमी खायचं बंद केलं तर आमचं मेंढरू जगणार न्हाई, संपणार. दख्खनी मेंढी शहरातल्या बागंत पाळून दाखवा.

हिरवा_पाला

काका, तुमच्या पोटावर माझा राग नाही. पण ‘आम्ही खातो म्हणून ते जगतं’ हे जरा उलटं वाटतं. त्याच न्यायानं बैलगाडी शर्यत, सर्कस सगळंच बरोबर ठरेल.

आक्का_पन्हाळा

उलटं न्हाई बाळा. खऱ्या जंगलात जगणारं जनावर वेगळं आणि माणसानं घडवलेलं वेगळं. माझी शेळी गव्यागत सोडून दिली तर आठवड्यात संपेल. म्हणून तिला कापायचा हक्क मिळतो असं मी म्हणत न्हाई. एवढंच म्हणतो की तिचं बरंवाईट आमच्याच गळ्यात पडलंय, सोडून मोकळं होता येत न्हाई.

वडगावकर

आमचा धंदा मटणाचा, तिसरी पिढी. दोनच गोष्टी.

एक, बोकडाचं काही वाया जात नाही. मुंडी भाजून जाते, पाय जातात, वजडी, रक्ती, कलेजी, कपुरे सगळ्याला गिऱ्हाईक ठरलेलं. चरबीसुद्धा. कातडं व्यापारी नेतो. पण नवीन गिऱ्हाईक येतं ते ‘फक्त मांडीचं द्या, चरबी नको, हाड नको’. त्यांना जनावर नको असतं, फक्त तुकडे हवे असतात. सगळ्यांनी मांडीच मागितली तर बोकडाला आठ पाय कुठून आणू?

दोन, न खाणाऱ्या मंडळींच्या पायातली कोल्हापुरी चप्पल कशाची असते तेही एकदा विचारा. टोमणा मारत नाही, पण मारलाच म्हणा.

कृष्णाकाठ

टोमणा पोचला. :) माझ्या पायात रबरी आहे.

तालमीतला_गडी

आमच्या वस्तादांचं एक सांगतो. खुराकात मटण, दूध, बदाम सगळं. पण अळणी, म्हंजे मटणाचं बिनतिखटाचं पाणी, पिऊन घेतल्यावर वाटीत एक शीत जरी राहिलं तरी कानफटात. मटण टाकलं तर आखाड्यात घेत नसत. आता लग्नात ताटं बघा, अर्धा तुकडा चावून बाजूला. मला ह्या धाग्यातलं सगळं कळलं न्हाई, पण ते ताट बघून पोटात कालवतं.

पोल्ट्री_हातकणंगले

हे खरं पाप. माझ्या शेडमध्ये पक्षी मेला तर खड्ड्यात पुरताना जीव जळतो. आणि हॉटेलच्या मागं ड्रममध्ये शिजलेलं चिकन पडलेलं बघतो तेव्हा जास्त जळतो.

रंकाळावेस, तुम्हाला गावरान कोंबडा पाहिजे असेल तर तोही पर्याय आहे. परड्यात फिरणारा, पाच-सहा महिने वाढलेला. पण दर मटणाजवळ जाईल आणि शिजायला दुप्पट गॅस. आणि संख्या अठ्ठावीसच्या वर जाईल, कारण मांस कमी पडतं.

टेंबलाई_टेकडी

एक बाजूचा मुद्दा. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीला, म्हणजे आपल्या टेंबलाईला, येते आणि कोहळा फोडतात. राक्षसाच्या वधाचा विधी, पण फुटतो कोहळा. लोक तुकडा मिळवायला झटतात. म्हणजे देवीला बळीची खूण कोहळ्यातून पोचते. जोतिबाला तर पुरणपोळीच. तेव्हा ‘आमची परंपरा मटणाचीच’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं. परंपरेत दोन्ही आहे, आणि आषाढातलं जेवण देवाचं कमी, आपलं जास्त आहे.

जनावरांचा_डॉक्टर

पटलं. पण मग ते आपलं आहे असं सांगूनच खावं. देवाच्या नावावर बिल फाडू नये.

रंकाळावेस

काल परत बैठक झाली. इथलं बरंचसं मी तिथं बोललो, माधुरी-रेडकू वगळून, कारण खजिनदारांच्या घरी चार म्हशी आहेत.

ठरलं ते असं. मटणच करायचं, पण दोन बोकडांचं. पंचवीस-तीस किलोत जे होईल ते. सुकं प्रत्येकाला एकदाच आणि मोजून, रस्सा तांबडा-पांढरा पाहिजे तेवढा. तसंही कोल्हापुरी माणूस उठतो तो रश्श्यावर. मुंडी, पाय, वजडी सगळं घ्यायचं, त्याचं वेगळं पातेलं, वडगावकर म्हणतात तसं. बोकड मांडवात आणून बांधायचे नाहीत, परवानाधारक कत्तलखान्यातूनच कापून आणायचे. यावर दोन जुनी मंडळी रागावली, ‘पूजा कशाची करायची मग?’ म्हणून. त्यांना कोहळा सुचवला तर आणखी रागावली.

कृष्णाकाठ यांचा मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. संख्या कमी करून मी फक्त मन हलकं केलं, हे बहुतेक खरंच आहे. पण अठ्ठावीसाचं दोनवर आणता येत असेल तर मी मन हलकं करून घेतो.

आक्का, तुमच्याकडं आषाढाच्या दुसऱ्या मंगळवारपर्यंत पंचवीस किलोच्या वरचे दोन बोकड आहेत का? गाडी आम्ही आणतो, मोकळी, खाली तूस टाकून. मध्ये व्यापारी नाही.

आक्का_पन्हाळा

हाईत. पण वजन माझ्या काट्यावर आणि पैसे दावणीवर. उधारी न्हाई.

तालमीतला_गडी

माळकऱ्यांचं काय ठरलं पण? आमच्यात पंधरा-वीस जण निघतात. मागच्या टायमाला वांगं-बटाटा त्याच पळीनं ढवळला म्हणून म्हातारी उपाशी उठली हुती.

रंकाळावेस

अख्खा मसूर. वेगळी चूल, वेगळा आचारी, पळीवर लाल दोरा बांधायचा. खजिनदार म्हणतात, मसूरही महाग झालाय.